ग्लायकोलिक ॲसिड, नागपूरचं ऊन आणि ‘पातळ’ चामडीची भीती

चेहऱ्यावरचे डाग घालवायला लावतात त्या ग्लायकोलिक ॲसिडची बाटली आता नागपुरात धरमपेठेतल्या मेडिकलमध्ये सनस्क्रीनच्या शेजारीच उभी असते. घेणाऱ्यांचा प्रश्नही ठरलेला: ‘‘रोज लावलं तर चामडी पातळ नाही ना होणार जी?’’ ‘काही होत नाही’ असं म्हणून दुकानदार बाटली पुढे करतो. पातळ होण्यापुरतं त्याचं म्हणणं बरोबर आहे. उन्हाबद्दल मात्र त्याला कोणी विचारत नाही, आणि खरा मुद्दा तिथेच आहे.

हे आम्ल मुळात उसात सापडतं. बाटलीत येतं ते बहुतेक कारखान्यात तयार केलेलं. दह्यातलं लॅक्टिक आणि संत्र्यातलं सायट्रिक ॲसिड ही त्याची भावंडं. या कुटुंबाला अल्फा हायड्रॉक्सी आम्लं म्हणतात. ग्लायकोलिक त्यात सगळ्यात धाकटं. रेणूत जेमतेम दोन कार्बन, त्यामुळे त्वचेत ते लवकर शिरतं. १९७४ साली व्हॅन स्कॉट आणि यू या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी ही आम्लं इक्थिओसिसच्या रुग्णांवर वापरून पाहिली. या आजारात अंगावर माशासारखे खवले धरतात. आम्लामुळे ते सुटू लागले. चेहरा उजळवण्याचा धंदा पुढे यातूनच उभा राहिला.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. त्यांना एकमेकींशी धरून ठेवणारी बंधनं ग्लायकोलिक सैल करतं, आणि जुन्या भिंतीचे पोपडे निघावेत तशा त्या पेशी झडतात. म्हणजे हा थर खरोखरच पातळ होतो. पण त्याखालच्या जिवंत त्वचेत उलट घडतं. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, उन्हाने खराब झालेल्या एका हातावर २५ टक्के अल्फा हायड्रॉक्सी आम्लाचं लोशन आणि दुसऱ्या हातावर आम्लाविना साधं लोशन असं साधारण सहा महिने लावलं. आम्लाच्या हाताची त्वचा सुमारे २५ टक्के जाड झालेली आढळली. माणसं मोजकीच होती आणि आम्लाचं प्रमाण घरगुती बाटलीपेक्षा बरंच जास्त, हे लक्षात ठेवूनच हा आकडा वाचावा. ८ टक्क्यांची क्रीम २२ आठवडे लावून पाहिलेल्या दुसऱ्या अभ्यासात फरक पडला, पण बेताचाच. जाहिरातीतला ‘काचेसारखा’ चेहरा त्यात कोणाला मिळाला नाही.

आता ऊन. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पुढाकार घेतलेल्या अभ्यासांत चार आठवडे १० टक्के ग्लायकोलिक लावलेली त्वचा अतिनील किरणांनी १८ टक्के जास्त सहज लाल झाली. पेशींना होणाऱ्या इजेची शक्यता सरासरी दुप्पट झाली. आता दिलाशाची गोष्ट: वापर थांबवल्यावर आठवड्याभरात त्वचा पूर्वपदावर आली. मग वर्षानुवर्षं वापरून उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोग वाढतो का? उंदरांवर ४० आठवडे आम्ल आणि कृत्रिम ऊन दोन्ही देऊन पाहिलं, तेव्हा ग्लायकोलिकमुळे गाठींच्या प्रमाणात फरक पडला नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, पण त्या भीतीला आधार मिळाला नाही एवढं खरं.

नागपूर साधारण २१ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २६ मेच्या आसपास, ऐन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. अतिनील किरणांना वातावरणातून यायला यापेक्षा जवळचा रस्ता नाही. स्कूटीवरून जाताना तोंडाला बांधलेला दुपट्टा कामाचा, पण कपाळ आणि डोळ्यांभोवतीचा भाग उघडा राहतो, आणि वांग बहुतेक कपाळ नि गालांवरच येतात. वर मे महिन्याची कोरडी हवा. आम्लाने आधीच सैल झालेला थर अशा हवेत पाणी झपाट्याने गमावतो. आग होते, त्वचा सोलते. सावळ्या त्वचेत अशी प्रत्येक जळजळ मागे काळा डाग ठेवू शकते, आणि तो जायला कित्येक महिने लागतात. डाग घालवायला आणलेल्या बाटलीनेच डाग वाढवल्याच्या तक्रारी येतात, त्या यातून. म्हणून सुरुवात दिवाळीनंतर करावी, आठवड्यातून दोनदा, रात्री, सकाळी सनस्क्रीन. उन्हाळ्यात चार महिने बाटली कपाटात राहिली तरी काही बिघडत नाही.

बाटलीवरचे टक्के पाहताना पीएचही पाहावा, म्हणजे आंबटपणाचा आकडा; तो जितका कमी तितकं द्रव जास्त आम्लधर्मी. पीएच ३.८ च्या आसपास निम्मंच आम्ल मोकळं, म्हणजे काम करणारं असतं. पीएच घसरला की तेच टक्के जास्त बोचतात. घरगुती वापरासाठी १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ किंवा त्याहून वर, अशी मर्यादा अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने सुचवली आहे. लिंबाचा रस याच्या कितीतरी खाली, साधारण २ ते २.५ वर असतो, शिवाय त्यातली काही द्रव्यं उन्हात त्वचा भाजतात. ‘नैसर्गिक’ म्हणून लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्यांना हे सांगून कोणी थांबवत नाही.

राहिली ती पातळ चामडी. ती खरोखर होते, पण वेगळ्याच ट्यूबने. ‘गोरं करणारी’ म्हणून मिळणाऱ्या अनेक मलमांत बेटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी एखादं स्टेरॉइड असतं. महिनोनमहिने लावल्यास त्याने त्वचा झिजते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमं उठतात, आणि मलम सोडलं की चेहरा भडकतो. अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकायची नाहीत. तरी ती सर्रास मिळतात. घरात अशी ट्यूब असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा, आणि यातलं नाव सापडलं तर ती अचानक न सोडता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. ग्लायकोलिकचा विचार त्यानंतर.