शेजारी सीएचओ की वैद्यकीय अधिकारी? टेलिमेडिसिनमध्ये जबाबदारी कुणाची?

उपकेंद्रात रुग्णाशेजारी समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) बसलेले असतात आणि ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन (दूरवरून वैद्यकीय सल्ला) सेवेच्या पडद्यावर दूरचे डॉक्टर. प्राथमिक आरोग्य केंद्रात शेजारी वैद्यकीय अधिकारी असतात, पडद्यावर एखादे हृदयरोगतज्ज्ञ. रुग्णाला दोन्ही प्रसंग सारखेच वाटतात: इथल्या डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांना विचारलं. पण 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शिकेनुसार या दोन प्रसंगांत जबाबदारी वेगवेगळ्या माणसावर येते.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तज्ज्ञांना विचारलं, तरी रुग्ण त्यांचाच राहतो. तज्ज्ञांचं मत घ्यायचं की नाही, औषध कोणतं द्यायचं, याचं उत्तर विचारणाऱ्या डॉक्टरांनाच द्यावं लागतं. सीएचओंच्या बाबतीत उलट आहे. ते रुग्णाची ओळख पटवतात, संमती घेतात, या पद्धतीच्या मर्यादा समजावतात, लक्षणं आणि तपासणी कळवतात. निर्णय मात्र पडद्यावरच्या डॉक्टरांचा आणि औषधाच्या चिठ्ठीची जबाबदारीही त्यांचीच. (कॉल रुग्णाने स्वतः केला तर संमती गृहीत धरतात, या दोन्ही प्रसंगांत ती स्पष्टपणे घ्यावी लागते.)

आपल्याकडे गोंधळ वाढतो तो पदवीमुळे. महाराष्ट्रात अनेक सीएचओ बीएएमएस (आयुर्वेदाचे पदवीधर) असतात आणि गाव त्यांना डॉक्टरच म्हणतं. त्यात गावाचं काही चुकत नाही. पण सीएचओ म्हणून काम करताना या मार्गदर्शिकेच्या दृष्टीने ते आरोग्य कर्मचारी आहेत, परिचारिका किंवा एएनएम (उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका) असतात तसेच. ही मार्गदर्शिका आधुनिक वैद्यकाच्या (अ‍ॅलोपॅथीच्या) नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, 2019 च्या कलम 32 मध्ये औषधोपचार करण्याच्या मर्यादित परवान्याची तरतूद आहे, पण तसा परवाना कायद्याने मिळतो. पडद्यावरचे डॉक्टर 'तुम्हीच बघून द्या' म्हणाले, म्हणून औषध लिहिण्याचा अधिकार मिळत नाही.

मग डॉक्टरांनी सोपवायचं काय? माझ्या मते खरा कस इथेच लागतो. गरोदर बाईच्या पायाला सूज आहे, ती दाबल्यावर खळगा पडतो का, रक्तदाब किती, हे शेजारच्या प्रशिक्षित हातांनी पाहायचं आणि डॉक्टरांनी त्यावर विश्वास ठेवायचा. कोणती तपासणी कुणाच्या हातची चालेल, हे मार्गदर्शिकेने डॉक्टरांच्या निर्णयावर सोडलं आहे. एक मर्यादा मात्र घातली आहे: प्रत्यक्ष तपासणीशिवाय निदान अडत असेल, तर रुग्ण समोर येईपर्यंत सल्ला पुढे नेऊ नये. घाईच्या दुपारी, बाहेर रांग असताना 'नाही, यांना इकडे पाठवा' असं म्हणणं अवघड असतं. तरीही ते म्हणायलाच हवं, कारण चूक झाली तर सीएचओंना पुढे करून डॉक्टरांना हात झटकता येणार नाहीत.

तातडीच्या वेळी सीएचओंचं काम डॉक्टर सांगतील ते प्रथमोपचार करून रुग्णाला पुढे पाठवायची सोय करणं, एवढंच.

तुमच्या हातात चिठ्ठी आली की तिच्यावरचा नोंदणी क्रमांक बघा. उपकेंद्रातून मिळालेल्या चिठ्ठीवर तो पडद्यावरच्या डॉक्टरांचा असायला हवा.