पागा-व्यवस्थापन (घोडदौडीच्या सिम्युलेशन खेळांतील)

घोडदौडीच्या या खेळांत खेळाडू जॉकी नसतो, मालक असतो. त्याच्या हाती लगाम नाही, जमाखर्च असतो. घोडा विकत घ्यायचा, त्याच्या चंदीचे आणि ट्रेनरचे पैसे भरायचे, कोणत्या शर्यतीत उतरवायचा ते ठरवायचे, आणि फाटक उघडले की हाताची घडी घालून पाहत बसायचे. मेनूत याला ‘स्टेबल’ म्हणतात. मराठीत ‘तबेला’ म्हटले की आज म्हशीच डोळ्यांपुढे येतात, म्हणून इथे पागा हा जुना शब्द घेतला आहे.

या प्रकाराची घडी बसवली जपानने. १९९१ मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेम-यंत्रावर ‘डर्बी स्टॅलियन’ आला, १९९३ मध्ये कोएई कंपनीचा ‘विनिंग पोस्ट’. आठवड्याला एक चाल, घोड्याचा थकवा, त्याला मानवणारे अंतर, मग निवृत्ती आणि पैदास हा सांगाडा तेव्हापासून फारसा बदललेला नाही. ब्रिटिश ‘स्टार्टर्स ऑर्डर्स’ किंवा न्यूझीलंडच्या पिकपॉक कंपनीचा मोबाइलवरचा ‘रायव्हल स्टार्स’ यांत चित्रे वेगळी दिसतात, हिशेब ओळखीचाच.

सुरुवातीला मिळालेले भांडवल एकाच देखण्या घोड्यावर उधळणे ही नवशिक्याची हमखास चूक. कोकणाला ती नवी नाही. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. दख्खनला घोडे समुद्रापलीकडून यायचे, त्यामुळे इथे भाव चांगला येईल हा त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. पण जुन्नरला तिथल्या खानाने घोडाच काढून घेतला. एका खुरासानी माणसाच्या मध्यस्थीने तो परत मिळाला, आणि विकला गेला तो थेट बीदरला. जुन्नरपर्यंतच त्या घोड्यापायी निकितिनचे शंभर रूबल गेले होते, आणि विकेपर्यंत पोसावा लागला तो वेगळाच. घोडा घेताना मोजलेली किंमत ही फक्त पहिला हप्ता असते, हे खेळातही तितकेच खरे. चंदी, घोड्याची निगा राखणारा मोतद्दार, नालबंद, प्रवेश-फी हे सगळे घोडा धावो न धावो दर आठवड्याला खात्यातून वजा होत राहते. निम्मे पैसे घोड्यात आणि निम्मे गल्ल्यात, हे प्रमाण सांभाळले तर पहिला हंगाम निभावतो.

प्रस्तुत लेखकाची पहिली पागा अकराव्या आठवड्यात बुडाली. जुलै महिना, रेवदंड्याची पडवी, पागोळ्यांचा आवाज, मोबाइलवर चौदा टक्के बॅटरी आणि वीज सकाळपासून गायब. घोडा राखाडी, चंदेरी झाक असलेला, म्हणून नाव ठेवले ‘पापलेट’. बाराशे मीटरला तो वाऱ्यासारखा सुटायचा. बक्षीस मोठे दिसले म्हणून त्याला चोवीसशेच्या शर्यतीत घातला. सोळाशेपर्यंत पुढे होता, मग पडद्यावर एकेक घोडा त्याच्या बाजूने निघून गेला. घोड्याच्या पानावर ‘योग्य अंतर’ नावाची पट्टी असते. ती पाहून शर्यत निवडायची, बक्षिसाची रक्कम पाहून नव्हे, एवढे त्या दिवशी कळले.

अंतराइतकाच जमिनीचा प्रश्न महत्त्वाचा, आणि तो समजावून घ्यायला किनाऱ्यावरच्या माणसाला पुस्तक लागत नाही. अलिबाग-नागावकडे बैलगाड्यांच्या आणि घोडागाड्यांच्या शर्यती ओहोटी साधूनच लावतात. पाणी मागे हटले की उघडी पडलेली ओली वाळू दाबून बसलेली असते, तिच्यावर खूर उसळतो. दहा पावले वर सुरूच्या बनाकडे सरका, भुसभुशीत वाळूत तेच जनावर रुतत जाते आणि दमते. खेळात यालाच ‘गोइंग’ म्हणतात, आणि त्याचे घट्टपासून चिखलापर्यंत फर्म, गुड, सॉफ्ट, हेवी असे टप्पे असतात. काही घोड्यांना चिखलच मानवतो. असा घोडा स्वस्तात मिळत असेल तर घ्यावा. पाऊस पडला की बाकीचे मालक आपले घोडे मागे घेतात, आणि मैदान मोकळे मिळते.

सरावाबद्दल मराठी घरांत एक कोडे विचारतात: भाकरी का करपली, पाने का सडली, घोडा का अडला? उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. खेळात मात्र नवशिका घोडा फिरवून फिरवून अडवतो. प्रत्येक आठवड्याला जोरदार सराव दिला की वेगाचा आकडा चढतो, थकव्याचाही चढतो, आणि एका सकाळी पायाच्या दुखापतीची सूचना येते. दोन आठवडे कसून, एक आठवडा हलका, आणि शर्यतीनंतर निदान दोन आठवडे विश्रांती, हा ताल बहुतेक खेळांत चालतो.

हंगामाचे वेळापत्रक आधी वाचून घ्यावे. पावसाला नमावे लागते ही गोष्ट खऱ्या शर्यतींतही आहे: मुंबईत महालक्ष्मीला हिवाळ्यात धावणारे घोडे पावसाळ्यात घाट चढून पुण्याला जातात. १९४३ पासून होणारी इंडियन डर्बी ही मानाची शर्यत महालक्ष्मीला साधारण फेब्रुवारीच्या आरंभी, २४०० मीटर अंतराची असते, आणि ती चार वर्षांच्या घोड्यांसाठी आहे. इंग्लंडची डर्बी तीन वर्षांच्यांची. दोन वर्षांचे शिंगरू हाती आल्याबरोबर डर्बीची स्वप्ने पाहणाऱ्याने हा फरक आणि आपल्या खेळाचा नियम दोन्ही तपासावे. तोवर पहिली जीत अजून न मिळालेल्या घोड्यांसाठी असलेल्या ‘मेडन’ शर्यती आहेतच. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन चढवतात, म्हणून फार लवकर फार जिंकणेही महागात पडते.

पैदास पहिल्या हंगामात करू नये. खरी घोडी अकरा महिने गाभण राहते, शिंगरू धावायला आणखी दोन वर्षे. खेळ हा काळ आक्रसतो, खर्च तेवढा आक्रसत नाही. जपानी खेळाडूंचा एक आवडता आकडा १८.७५ टक्के आहे. एकच पूर्वज एका बाजूने तिसऱ्या आणि दुसऱ्या बाजूने चौथ्या पिढीत आला की त्याचे रक्त इतके भरते: साडेबारा अधिक सव्वासहा. अशा जुळणीतून वेगवान शिंगरू निघते असा समज आहे, आणि खेळही तो मानतो, पण तब्येत नाजूक करून त्याची किंमत वसूल करतो. महागड्या नराचे शुल्क भरूनही भरवशाच्या म्हशीला टोणगा होतोच.

म्हणून पहिली खरेदी शक्यतो घोडीची असावी. ती चार शर्यती हरली तरी पुढे पागेत माय म्हणून राहते. पापलेटच्या बाबतीत हा विचार करायचे कारणच उरले नाही. तो खच्ची होता, आणि खरेदीच्या पानावर नावाखालीच तसे लिहिलेले होते.