अणुभट्टी बंद झाली, मग वितळली कशी?

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. फुकुशिमा दाइइची केंद्रातल्या सहापैकी तीन अणुभट्ट्या त्या वेळी चालू होत्या आणि त्या तिन्ही आपोआप बंद पडल्या. नियंत्रक कांड्या आत गेल्या, युरेनियमच्या विखंडनाची, म्हणजे अणुकेंद्रं फुटण्याची, साखळी तुटली. म्हणजे सुरक्षा यंत्रणेनं आपलं काम चोख केलं होतं. तरीही पुढच्या चार दिवसांत तिन्ही भट्ट्यांमधलं इंधन वितळलं.

चुलीतलं लाकूड ओढून घेतलं तरी निखारे धगधगत राहतात. विखंडनातून तयार झालेली किरणोत्सारी मूलद्रव्यं तशीच, विघटन होताना उष्णता देत राहतात. भट्टी बंद होते त्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते, तासाभरानं दीड टक्क्याच्या आसपास आणि दिवसभरानं अर्ध्या टक्क्याजवळ. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण पहिल्या क्रमांकाच्या भट्टीची औष्णिक क्षमता १३८० मेगावॉट होती. त्याचा अर्धा टक्का म्हणजे जवळपास सात मेगावॉट, तासाला साधारण दहा टन पाण्याची वाफ करील इतकी उष्णता. तेवढं पाणी अखंड पुरवत राहणं, अपघातग्रस्त केंद्राच्या व्यवस्थापनाचा गाभा एवढाच.

पाणी पुरवायला पंप हवा आणि पंपाला वीज. भूकंपानं बाहेरून येणारी वीज तुटली, डिझेल जनरेटर सुरू झाले. पाऊण-एक तासात सुमारे १४-१५ मीटर उंचीची त्सुनामी आली. केंद्राची तयारी होती ५.७ मीटरच्या लाटेची. बहुतेक जनरेटर आणि वीजवाटपाची पॅनेलं तळघरांत होती, ती बुडाली. सहाव्या भट्टीचा हवेनं थंड होणारा एक जनरेटर तेवढा वाचला आणि त्याच्या जिवावर पाचवी-सहावी भट्टी सुखरूप राहिली.

नियंत्रण कक्षात अंधार, मोजमापाचे काटे बंद. कर्मचाऱ्यांनी वाहनतळावरच्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि मापकांना जोडल्या. पाण्यासाठी अग्निशमनाचे बंब होते, पण भट्टीत वाफेचा दाब असा की बंबाचं पाणी आत शिरेना. आधी झडपा उघडून दाब उतरवायचा, मग पाणी. आणि झडपांनाही वीज लागते. केंद्रप्रमुख मासाओ योशिदा यांनी समुद्राचं पाणी सोडायला सुरुवात केली. ते थांबवा, असा केंद्र चालवणाऱ्या टेप्को कंपनीच्या मुख्यालयाचा निरोप आला, तेव्हा त्यांनी वरवर होकार दिला आणि पाणी चालूच ठेवलं. माझ्या मते त्या आठवड्यातला हा सर्वांत शहाणा निर्णय. दुर्दैव असं, की त्या पाण्यातलं बरंचसं दुसऱ्याच नळांत वाहून गेलं, हे नंतरच्या तपासात कळलं. तोवर इंधनाभोवतीच्या तापलेल्या झिर्कोनियम धातूच्या आवरणाची वाफेशी क्रिया होऊन हायड्रोजन साठला होता. १२, १४ आणि १५ मार्चला एकेक इमारत स्फोटानं उडाली.

आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या, १९६९ सालच्या, फुकुशिमासारख्याच उकळत्या पाण्याच्या (भट्टीतच पाण्याची वाफ करणाऱ्या) जातीच्या आणि तिथलाच आराखडा देणाऱ्या अमेरिकी जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या. फुकुशिमानंतर भारतीय केंद्रांत बाहेरून पाणी आत सोडण्यासाठी खास जोडण्या बसवल्या गेल्या, त्या या बंबांच्या धड्यावरूनच.

हे सगळं अटळ होतं का? भूकंपकेंद्राच्या अधिक जवळ असलेलं ओनागावा केंद्र जवळपास १५ मीटर उंचीवर बांधलं होतं. तिथे १३ मीटरची लाट आली आणि केंद्र वाचलं. दाइइचीला मुळात ३५ मीटरचा कडा होता. बांधकामाच्या वेळी तो कापून जमीन १० मीटरवर आणली: पाया खडकावर बसावा आणि समुद्राचं पाणी वर खेचायचा खर्च वाचावा म्हणून.

त्या कापलेल्या कड्यानं नंतरही पिच्छा सोडला नाही. डोंगराकडून समुद्राकडे जाणारं भूजल आता थेट इमारतींच्या तळघरांत झिरपतं आणि वितळलेल्या इंधनावरून आलेल्या पाण्यात मिसळतं. एकेकाळी असं दूषित पाणी रोज ४०० टनांच्या पुढे तयार होई. भोवताली दीड किलोमीटर लांबीची, ३० मीटर खोल गोठवलेल्या मातीची भिंत उभारली, विहिरींतून भूजल वरचेवर उपसलं, तेव्हा तो आकडा शंभराच्या आत आला. आधी पाणी मिळेना, मग पाणी आवरेना.

गाळून बहुतेक किरणोत्सारी मूलद्रव्यं निघतात, ट्रिटियम मात्र निघत नाही. तो हायड्रोजनचाच भाऊ, पाण्याच्या रेणूतच बसलेला. हजाराहून अधिक टाक्यांत १३ लाख टनांवर पाणी साठलं, तेव्हा २४ ऑगस्ट २०२३ पासून ते समुद्राच्या पाण्यात मिसळून, ट्रिटियम लिटरमागे १५०० बेकेरेलच्या (बेकेरेल हे किरणोत्साराचं एकक) आत आणून सोडायला सुरुवात झाली. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक पातळी १०,००० आहे. भौतिकशास्त्र कंपनीच्या बाजूनं आहे. तरी मच्छीमारांचा राग मला समजतो. ज्यांनी २०११ पूर्वी ‘सगळं सुरक्षित आहे’ सांगितलं, तेच आता पुन्हा तसंच सांगत आहेत.

राहतं ते वितळलेलं इंधन. पोलाद आणि काँक्रीटशी एकजीव झालेला हा ढिगारा सुमारे ८८० टनांचा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये लांब दांड्याच्या यंत्रानं त्यातला पहिला तुकडा बाहेर आला, वजन एक ग्रॅमहून कमी. मोठ्या प्रमाणावर उचल २०३७ च्या आधी सुरू होणार नाही, असं कंपनीनं २०२५ मध्ये सांगितलं. तरीही सगळं काम २०५१ पर्यंत संपवण्याचं उद्दिष्ट कागदावर कायम आहे. ते पाळलं जाईल असं मला वाटत नाही.