स्पेक्ट्रम घरी नेताय? शेवटच्या वर्षांतल्या गेमबद्दल थोडं

आमच्याकडे दुरुस्त झालेला झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे कॅसेटवरून गेम भरायचा जुना घरगुती कॉम्प्युटर, हातात आला की बहुतेक जण विचारतात, आता यावर काय खेळायचं? कॅसेटवर 1983 किंवा 1984 साल दिसलं की चेहरा खुलतो. 1988 किंवा 1990 दिसलं की म्हणतात, 'तोवर या कॉम्प्युटरचे दिवस संपले होते ना?' आमचं मत नेमकं उलट आहे. या यंत्राचं खरं कसब उशिराच्या गेममध्येच दिसतं. पण ते दिसायचं तर तुमच्या यंत्रात मेमरी किती आहे हे आधी माहीत हवं. म्हणून हे माहितीपत्रक.

स्पेक्ट्रम ब्रिटनमध्ये एप्रिल 1982 मध्ये आला. 48 के (किलोबाइट) मेमरीचं यंत्र 175 पौंडांना मिळायचं. 1986 मध्ये ॲमस्ट्रॅड कंपनीने स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा 50 लाख पौंडांना घेतला आणि टेपरेकॉर्डर अंगातच बसवलेला करडा स्पेक्ट्रम 'प्लस टू' काढला. पुढे काळा 'प्लस टू ए' आणि डिस्क ड्राइव्ह असलेला 'प्लस थ्री' आला. ही सगळी 128 के मेमरीची यंत्रं. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्यावर विकलेला 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' मात्र 48 केचा. तुमच्या माळ्यावरून निघालेलं यंत्र तेच असेल, तर पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे.

रंगांची चौकट

स्पेक्ट्रमचा पडदा आडवा 256 आणि उभा 192 ठिपक्यांचा. रंग मात्र ठिपक्याला मिळत नाही, आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनाला मिळतो, आणि एका चौकोनात दोनच रंग. लाल माणूस हिरव्या झाडापुढून गेला की झाडाचा तुकडा लाल होतो. हा पडद्याचा बिघाड नाही. कृपया त्यासाठी यंत्र परत आणू नका, ते जन्मापासून तसंच आहे.

उशिराच्या वर्षांत ही अडचण दोन वाटांनी सोडवलेली दिसते. 1989 चा 'चेस एच. क्यू.' बघा. पोलिसांची गाडी गुन्हेगाराचा पाठलाग करते. गाड्या, रस्ता, झाडं जवळजवळ दोनच रंगांत, पण वेग असा की रंग कमी आहेत हे दहा सेकंदांत विसरायला होतं. दुसरी वाट 1988 च्या 'आर-टाइप'ची. बॉब पेप यांनी लिहिलेल्या या गेममध्ये अंतराळयानं, गोळ्या, भिंती सगळं रंगीत आहे, आणि तरी रंग एकमेकांत फारसे सांडत नाहीत, कारण वस्तू चौकोनांच्या हिशेबाने मांडल्या आहेत. थांबवून एखादं यान नीट पाहा, कडा कुठे संपते आणि चौकोन कुठे संपतो ते. आम्ही दोघे एका दुपारी हेच करत बसलो आणि दुरुस्तीची कामं तशीच राहिली. 1990 चा 'रेनबो आयलंड्स'ही जरूर लावा. इतका रंगीबेरंगी आहे की यंत्र तेच का, अशी शंका येते.

एकच गेम, दोन रूपं

आता मुख्य गोष्ट. 128 के यंत्रात मेमरी 16 केच्या आठ कप्प्यांत असते. प्रोसेसर एका वेळी 64 केच बघू शकतो, म्हणून गेम गरजेप्रमाणे कप्पा बदलतो. शिवाय त्यात तीन सुरांची ध्वनी-चिप आहे. 48 के यंत्रात एक छोटा भोंगा, आणि तो वाजवायलाही प्रोसेसरलाच राबावं लागतं. त्यामुळे 'चेस एच. क्यू.' 128 वर एकदाच लोड होतो, संगीत वाजतं, माणसाचा आवाजही ऐकू येतो. 48 वर तोच गेम टप्प्याटप्प्याने कॅसेटवरून भरावा लागतो. 'रोबोकॉप'चंही तसंच. 1988 चा 'व्हेअर टाइम स्टुड स्टिल' तर 48 वर चालतच नाही. विमान कोसळून डायनासोरांच्या प्रदेशात अडकलेल्या चौघांची ही गोष्ट, सगळा प्रदेश एका दमात मेमरीत बसतो. ज्यांच्याकडे प्लस टू आहे त्यांनी तो आधी खेळावा.

आमच्याकडे तक्रार येते की पहिला टप्पा संपला आणि गेम अडकला. बहुतेक वेळा तो अडकलेला नसतो, टेप सुरू करा म्हणून थांबलेला असतो. पडद्यावरची ओळ वाचा, प्ले दाबा, भरून झालं की टेप बंद करा. हरलात तर पहिल्या टप्प्याच्या जागेपर्यंत रिवाइंड करावं लागतं. टेपरेकॉर्डरला काउंटर असेल तर प्रत्येक टप्प्याचा आकडा पेन्सिलीने कॅसेटच्या कार्डावर लिहून ठेवा. जुन्या कॅसेट घेताना असे आकडे आधीच लिहिलेले दिसले तर खोडू नका, कुणीतरी तुमचं काम करून ठेवलं आहे.

लोड होताना कडेला आधी लाल-आकाशी जाड पट्टे येतात, मग निळे-पिवळे बारीक. लाल-आकाशी पट्टे थरथरत असतील तर टेपचं हेड आधी स्पिरिटने पुसा. तरी जमत नसेल तर हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवून आवाज कानाला सर्वांत तीक्ष्ण लागेल तिथे थांबवावा लागतो. स्वतः करण्याचा धीर नसेल तर रेकॉर्डर घेऊन या, पाच मिनिटांचं काम आहे.

स्वस्त कॅसेट कमी समजू नका

कोडमास्टर्स या कंपनीच्या गेमची किंमत तेव्हा 1.99 पौंड होती, पुढे 2.99. जुळे भाऊ फिलिप आणि अँड्र्यू ऑलिव्हर यांनी 1987 मध्ये आणलेला, अंड्याच्या आकाराच्या नायकाचा 'डिझी' याच किमतीतला. मुलांसोबत खेळायला याहून चांगलं आम्हाला काही सुचत नाही, कारण मारामारीपेक्षा कोडी जास्त. 'ट्रेझर आयलंड डिझी'त मात्र जीव एकच. पाण्याखाली असताना हातातली वस्तू टाकायला गेलात आणि श्वासाची नळी निसटली तर सगळं पहिल्यापासून. मुलांना हे आधीच सांगा, नाहीतर रडारड होते.

लावण्याआधी

48 के यंत्र, डीबी स्पेक्ट्रम आणि करडा प्लस टू यांना 9 व्होल्टचा अडॅप्टर लागतो, आणि त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो. हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरचा मधला भाग धन असतो. पिन नीट बसते, म्हणून माणूस फसतो आणि यंत्र जळतं. आम्ही दिलेल्या अडॅप्टरवर लाल चिकटपट्टी लावली आहे, तोच वापरा. प्लस टू ए आणि प्लस थ्रीचा अडॅप्टर वेगळाच असतो, त्यांची अदलाबदल होत नाही.

प्लस टूच्या जॉयस्टिकच्या खाचेत नेहमीची नऊ पिनांची जॉयस्टिक बसते, पण आतल्या तारांची जोडणी निराळी असल्याने ती चालत नाही. मधे लावायचा जोड आमच्याकडे मिळेल. मागच्या बाजूला काहीही लावताना किंवा काढताना आधी वीज बंद करा.