मांजरांचा मधुमेह व वजन नियंत्रण

मांजरांचा मधुमेह : पाळीव मांजरांना, विशेषतः उतारवयाकडे झुकलेल्या, नसबंदी झालेल्या, घराबाहेर न पडणाऱ्या लठ्ठ बोक्यांना होणारा चयापचयाचा विकार. साधारणपणे १०० ते ५०० मांजरांमागे एकाला तो होतो असे मानतात. कुत्र्याच्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी बहुधा नष्टच झालेल्या असतात. मांजराचा मधुमेह मात्र माणसाच्या ‘टाइप २’शी नाते सांगतो. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे होते, स्वादुपिंड काही काळ जादा इन्शुलिन सोडून वेळ मारून नेते आणि शेवटी थकते. या थकलेल्या पेशींच्या पुंजक्यांत अमिलॉइड नावाचे प्रथिन साचते, तेही माणसासारखेच. पेशी थकलेल्या असल्या तरी सगळ्या मेलेल्या नसतात. म्हणून वेळेवर उपचार मिळालेली बरीच मांजरे पुढे इन्शुलिनशिवाय राहू लागतात. कुत्र्यांत असे क्वचितच घडते.

या आजाराचे वजनाशी असलेले नाते दुहेरी आहे आणि घोटाळा तिथेच होतो. लठ्ठ मांजराला मधुमेहाचा धोका सडपातळ मांजराच्या चौपटीपर्यंत असतो. पण मधुमेह जडला की तेच मांजर ताटलीभर खाऊनही रोडावते, कारण रक्तात साखर असूनही ती पेशींना मिळत नाही आणि शरीर स्वतःची चरबी व स्नायू जाळू लागते. ‘बोका बारीक झाला, बरेच झाले’ असे म्हणता म्हणता पाठीचे मणके हाताला लागायला लागतात, तेव्हा घरचे जागे होतात. उपचारापूर्वीची वजनघट हे लक्षण, तर साखर आटोक्यात आल्यावर मोजूनमापून साधलेली वजनघट हा उपचाराचा भाग. दोन्हीत काट्यावरचा आकडा खालीच येतो.

कारणे : मांजर हा अस्सल मांसाहारी प्राणी. उंदीर किंवा चिमणी यांच्यात पिष्टमय पदार्थ नावालाच असतात, त्यामुळे जेवणानंतर एकदम आलेली साखर झटकन हाताळण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात दुबळी असते. चोवीस तास भरून ठेवलेली कोरड्या खाद्याची वाटी आणि खिडकीतली झोप यांतून लठ्ठपणा येतो, आणि बाकीचे तो पाहून घेतो. त्वचेची खाज, दमा किंवा हिरड्यांची सूज यांसाठी वारंवार दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शनेही मधुमेह उघडा पाडू शकतात. बर्मीज जातीत तो अधिक आढळतो. काही मांजरांत मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत गाठ होऊन वाढीचे संप्रेरक जादा स्रवते. असे मांजर इन्शुलिनच्या मोठ्या मात्रेलाही जुमानत नाही आणि साखर अनियंत्रित असताना रोडावण्याऐवजी वजन वाढवते.

लक्षणे व निदान : खूप पाणी पिणे, खूप लघवी, खूप भूक आणि तरीही घटणारे वजन ही चार मुख्य लक्षणे. घरात ती वेगळ्याच रूपात दिसतात. एरवी पाण्याकडे ढुंकूनही न पाहणारे मांजर न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालून बसते, ट्रेमधल्या लिटरचे (लघवी शोषणाऱ्या वाळूचे) गोळे लिंबाएवढे होते ते मोसंबीएवढे होतात, आणि कोपऱ्यात लघवी झाली असेल तर तिथे मुंग्यांची रांग लागते. आजार जुना असेल तर मागच्या पायांच्या नसा दुबळ्या होतात. मांजर एरवी बोटांवर चालते, घोटा जमिनीपासून उंच असतो. अशा मांजराचा घोटा खाली टेकतो आणि ते सशासारखे बसके चालू लागते. मधुमेही कुत्र्याला हमखास होणारा मोतीबिंदू मांजरात मात्र विरळा.

रक्तातील साखरेच्या एका आकड्यावर निदान करता येत नाही. टोपलीत कोंबून, रिक्षातून नेऊन, टेबलावर दाबून धरलेल्या निरोगी मांजराचीही साखर भीतीने ३०० मिग्रॅ.पर्यंत चढू शकते. म्हणून मागच्या दोन-एक आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामीन चाचणी आणि लघवीची तपासणी करतात. मूत्रपिंडांचा जुना आजार व थायरॉइडचा अतिस्राव हे दोन्ही म्हाताऱ्या मांजरांत नेहमीचे, आणि तहान व वजनघट त्यांतही असते. ते आधी वगळावे लागतात.

इन्शुलिन : मुख्य उपचार म्हणजे दर १२ तासांनी कातडीखाली इन्शुलिन. ग्लार्जिन किंवा प्रोटामाइन झिंक हे दीर्घकाळ टिकणारे प्रकार मांजरांना जास्त मानवतात. सुरुवात बहुधा एका युनिटच्या आसपास होते आणि पुढची वाढ-घट पशुवैद्य ठरवतो. सुई इतकी बारीक असते की खाण्यात गुंग असलेल्या मांजराला ती टोचल्याचे कळतही नाही. हात मालकाचाच थरथरतो.

भारतात एक धोका विशेष जपण्यासारखा आहे. माणसांचे साधे इन्शुलिन इथे मिलिलिटरला ४० युनिटच्या कुपीत मिळते व त्याची सिरिंज लाल टोपणाची असते. ग्लार्जिन १०० युनिटचे असते आणि त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दोनच्या खुणेपर्यंत ग्लार्जिन भरले तर मांजराच्या अंगात पाच युनिट जातात. पाच किलोच्या जिवाला एवढी चूक पुरेशी असते. सुई नीट टोचली गेली की नाही अशी शंका आली, तर दुसऱ्यांदा देऊ नये. पुढची वेळ येऊ द्यावी. मांजर जेवलेच नसेल तर पूर्ण मात्रा न देता आधी डॉक्टरांना विचारावे. कुपी फ्रिजमध्ये ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नाही.

साखर फार उतरली की मांजर झोकांड्या खाते, भेदरल्यासारखे पाहते, झटके येतात. अशा वेळी मध किंवा ग्लुकोजचे दाट पाणी हिरड्यांना चोळावे, घशात ओतू नये, आणि तडक दवाखाना गाठावा. उलट्या, अन्न सोडणे आणि श्वासाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास ही दुसऱ्या टोकाची, म्हणजे कीटोअॅसिडोसिसची (इन्शुलिनअभावी चरबी जळत राहून रक्त आम्लधर्मी होण्याची), खूण. तीही तितकीच तातडीची. घरी कानाच्या कडेच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहता येते. मात्र माणसांचा ग्लुकोमीटर मांजरात खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो, हे ध्यानात ठेवावे लागते.

अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन ही गोळी व ऑगस्ट २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिन हे पातळ औषध मांजरांसाठी मंजूर झाले. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी ही औषधे पूर्वी इन्शुलिन न घेतलेल्या, एरवी ठणठणीत मांजरांसाठीच आहेत. त्यांच्यावर असताना साखर ठीक दिसूनही कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो, त्यामुळे निगराणी सुटत नाही.

वजन उतरवणे : इथे उपाशी ठेवण्याचा विचारही नको. लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिले की चरबी यकृतात साचून जिवावर बेतते. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, फार तर दोन टक्के एवढाच उतार चालतो. म्हणजे सहा किलोच्या बोक्याने आठवड्याला साठ ग्रॅम उतरावे. मांजराला कडेवर घेऊन उभे राहायच्या काट्याला हा फरक दिसतच नाही, कारण असा काटा एका वेळी १०० ग्रॅमनेच पुढे-मागे सरकतो. तान्ह्या बाळांचा किंवा किराणा दुकानातला डिजिटल काटा बरा.

चार किलो हे लक्ष्य असेल तर दिवसाला साधारण १६० कॅलरींपासून सुरुवात करतात. कोरड्या खाद्याच्या हिशेबात हे ४०-४५ ग्रॅम. मराठी घरातली एक मध्यम पोळी आणि अर्धा कप म्हशीचे दूध मिळून याच्या आसपास किंवा पुढेच जातात, तेही बरेचसे पिठाच्या नि दुधातल्या साखरेच्या रूपाने. दूध-पोळीवर वाढलेले मांजर आपण फारच थोडे खाऊ घालतो, अशी घरच्यांची प्रामाणिक समजूत असते. अन्न ‘मांजराची ताटली’ म्हणून मोजायचे, तर सकाळच्या चहातले दूध आणि आजीने पानाखालून सरकवलेला मासळीचा तुकडाही त्यात धरावा लागतो. शेजारचे घर वेगळेच, जिथे बोका दुपारी दुसऱ्या नावाने जेवतो. मांसाचे प्रमाण जास्त आणि पिष्ट कमी असलेले ओले खाद्य मधुमेहाला सर्वांत अनुकूल. सुके बोंबील आवडत असले तरी रोजचे नव्हेत, आणि नुसते उकडलेले चिकन हा पूर्ण आहार होत नाही.

इन्शुलिन घेणाऱ्या मांजराचे खाद्य एका दिवसात बदलू नये. पिष्ट कमी झाले आणि मात्रा तीच राहिली की साखर कोसळते. वजन उतरू लागले की इन्शुलिनची गरजही घटते, म्हणून काट्यावरचा प्रत्येक टप्पा डॉक्टरांच्या कानावर घालायचा असतो. इन्शुलिन सुटते ते बहुधा पहिल्या सहा महिन्यांत. सुटल्यानंतरही आजार परतू शकतो, आणि त्याचे पहिले चिन्ह पुन्हा ट्रेमधल्या गोळ्यांतच दिसते.