लष्करी कुटुंबे आणि आरोग्यव्यवसाय परवाना (अमेरिका)

अमेरिकेच्या सैन्यदलांतील आरोग्य कर्मचारी आणि सैनिकांचे आरोग्यव्यवसायात असलेले पती वा पत्नी यांना बदलीनंतर नव्या राज्यात काम चालू ठेवता यावे, म्हणून केंद्रीय व राज्य कायद्यांनी दिलेल्या सवलती. डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ इत्यादींना त्या लागू होतात.

परवाना राज्याचा आणि बदलीचा हुकूम केंद्राचा, हे अडचणीचे मूळ होय. परवाना देण्याचा राज्यांचा हा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया या खटल्यात १८८९ मध्ये मान्य केला. फ्रँक डेंट हा अनेक वर्षे रुग्ण तपासत आलेला वैद्य होता. त्याची पदविका राज्याच्या आरोग्य मंडळाने ग्राह्य धरली नाही आणि विनापरवाना व्यवसायाबद्दल त्याला ५० डॉलर दंड झाला. लोकांच्या रक्षणासाठी वैद्याची पात्रता ठरवणे हे राज्याचे काम आहे, असे न्या. स्टीव्हन फील्ड यांनी निकालात म्हटले. परिणामी आजही परिचारिकांची एनक्लेक्स परीक्षा देशभर एकच असते, पण परवाना प्रत्येक राज्याचे मंडळ देते.

गणवेशातील डॉक्टर वा परिचारिकेला याची झळ फारशी लागत नाही. केंद्रीय कायद्यानुसार कोणत्याही एका राज्याचा परवाना असला, की नेमून दिलेले लष्करी काम देशात कोठेही करता येते. खरा भार पडतो तो जोडीदारावर.

या सवलतींचा उगम कोठे मानावा, याबद्दल दोन प्रकारे विचार करता येतो. एक धागा १९१८ च्या सैनिक व खलाशी दिवाणी सवलत कायद्यापर्यंत जातो. सेवेमुळे सैनिकाचे दिवाणी व्यवहारात नुकसान होऊ नये, हे त्याचे तत्त्व. १९४० व २००३ च्या कायद्यांत तेच पुढे आले. मात्र त्यांचा भर कर्ज, घरभाडे आणि न्यायालयीन दावे यांवर होता. व्यावसायिक परवान्याचा विचार त्यांत नव्हता. दुसरा धागा अलीकडचा आहे. २००० मध्ये अमलात आलेल्या परिचारिका परवाना कराराने एका सदस्य राज्याचा परवाना इतर सदस्य राज्यांत चालू लागला, पण तो लष्करासाठी म्हणून केलेला नव्हता. लष्करी जोडीदारांचा प्रश्न स्वतंत्रपणे पुढे आला तो साधारणपणे २०११ च्या, लष्करी कुटुंबांना पाठबळ देणाऱ्या ‘जॉइनिंग फोर्सेस’ उपक्रमापासून. मिशेल ओबामा आणि जिल बायडन यांनी तो चालवला. वित्त व संरक्षण खात्यांच्या २०१२ च्या संयुक्त अहवालानुसार नोकरीच्या बाजारात असलेल्या लष्करी जोडीदारांपैकी सुमारे ३५ टक्के परवाना वा प्रमाणपत्र लागणाऱ्या व्यवसायांत होते. आजच्या सवलतींची सुरुवात याच सुमारास धरणे अधिक योग्य वाटते.

२००३ च्या कायद्यात परवान्याविषयीचे कलम ५ जानेवारी २०२३ रोजी आले. मूळ तरतुदीनुसार बदलीच्या हुकमाची प्रत नव्या राज्याच्या मंडळाला द्यावी लागे, परवान्याविरुद्ध कारवाई झालेली नसावी लागे, आणि स्थलांतरापूर्वीच्या दोन वर्षांत त्याचा ‘सक्रिय वापर’ झालेला असावा लागे. या दोन शब्दांवरून लगेच वाद उपस्थित झाला. टेक्सासमध्ये लष्करी पत्नी असलेल्या एका शालेय समुपदेशिकेला सलग दोन वर्षांच्या कामाची अट लावून अडवण्यात आले. २०२३ मध्येच केंद्रीय जिल्हा न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला. प्रकरण आरोग्यव्यवसायातले नसले, तरी कलम तेच असल्याने परिचारिका आणि थेरपिस्टसाठीही त्याचे महत्त्व आहे. २०२४ च्या अखेरीस या कलमाची फेररचना झाली आणि अर्जासोबत बदलीचा हुकूम, जोडीदार असल्यास विवाह प्रमाणपत्र व नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र देण्याची पद्धत आली.

व्यवहारात हे कसे चालते, ते व्हर्जिनियातील नॉरफोकहून कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोला बदलून गेलेल्या नौसैनिकाच्या परिचारिका पत्नीच्या उदाहरणावरून दिसते. व्हर्जिनिया परिचारिका करारात आहे, कॅलिफोर्निया नाही. म्हणजे सीमा ओलांडताच कराराचा उपयोग संपतो आणि तिला केंद्रीय कलमाचाच आधार उरतो. जेथे दोन्ही राज्ये करारात आहेत, तेथे कराराचे नियम लागू होतात. फिजिओथेरपिस्टांसाठीच्या अशाच आंतरराज्य करारात तर लष्करी कुटुंबाला आपले ‘गृहराज्य’ कोणते धरायचे, हे ठरवण्याची मुभा आहे.

नव्या परवान्याच्या शुल्काचा परतावाही जोडीदाराला मिळू शकतो. तो आरंभी ५०० डॉलरपर्यंत होता, पुढे १,००० डॉलरपर्यंत वाढवण्यात आला. यांपैकी कोणतीही सवलत पात्रतेची अट शिथिल करत नाही. कामाची कक्षा, शिस्त आणि सततचे शिक्षण याबाबत नव्या राज्याचेच नियम पाळावे लागतात.

सेवेत घेतलेल्या वैद्यकीय प्रशिक्षणाला नागरी परवान्यात कितपत मोल मिळावे, हा संलग्न प्रश्न आहे. आघाडीवर जखमींना वाचवणाऱ्या सैनिकाला नागरी रुग्णालयात पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागणे ही जुनी खंत आहे. ड्यूक विद्यापीठात युजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये फिजिशियन असिस्टंटचा (डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार करणाऱ्या सहायकाचा) अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा पहिल्या तुकडीत नौदलातील चार माजी कॉर्प्समन (वैद्यकीय साहाय्य करणारे सैनिक) होते.