गुलामांनी दिशा बदललेले युद्ध : अमेरिकी यादवीची पार्श्वभूमी

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात झालेले यादवी युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झाले, असे दक्षिणेची बाजू घेणारे लेखक दीर्घकाळ सांगत आले. संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांची त्या वेळची कागदपत्रे वाचली की हा दावा टिकत नाही. आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित आहे, असे मिसिसिपीने आपल्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच नमूद केले होते. साउथ कॅरोलायनाची तक्रार तर नेमकी उलट होती : पळालेले गुलाम परत करण्याचा संघराज्याचा कायदा उत्तरेकडील राज्ये आपापल्या कायद्यांचा आडोसा घेऊन पाळत नाहीत, असे तिचे म्हणणे होते. म्हणजे उत्तरेतील राज्यांनी हक्क वापरले, तेव्हा दक्षिणेला ते मान्य नव्हते.

या संघर्षाचे बीज राज्यघटनेतच होते. १७८७ मध्ये तयार झालेल्या घटनेत ‘गुलाम’ हा शब्द कटाक्षाने टाळला गेला. मात्र प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलामांची गणना तीन माणसांइतकी करावी, ही तरतूद तिच्यात आली. ज्यांना मताचा अधिकार नव्हता, त्यांच्याच संख्येच्या बळावर त्यांच्या मालकांचे काँग्रेसमधील, म्हणजे अमेरिकी संसदेतील, वजन वाढले. गुलामगिरी हळूहळू आपोआप संपेल, अशी आशा त्या पिढीतील अनेकांना होती. परंतु १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र बनवले, कापसाची लागवड अफाट वाढली आणि तिच्याबरोबर गुलामांची मागणीही वाढली. १८६० च्या जनगणनेत देशाच्या सुमारे ३ कोटी १४ लाख लोकसंख्येपैकी ३९ लाखांहून अधिक माणसे गुलाम होती.

पश्चिमेकडे देश पसरत गेला, तसा नव्या प्रदेशांत गुलामगिरी असावी की नसावी, हा वाद प्रत्येक वेळी उफाळला. १८२० आणि १८५० मध्ये तडजोडी झाल्या. १८५० च्या फरारी गुलाम कायद्यान्वये पकडलेल्या माणसाला मालकाकडे धाडणाऱ्या आयुक्ताला १० डॉलर आणि त्याला मोकळे सोडल्यास ५ डॉलर मिळत. न्यायाचा तराजू कुठे झुकवला होता, हे या दोन आकड्यांवरूनच कळते. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय माणूस, मग तो स्वतंत्र असो वा गुलाम, अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला आणि तडजोडीची वाट बंद झाली.

नोव्हेंबर १८६० मध्ये अब्राहम लिंकन अध्यक्षपदी निवडून आले. आहे तेथील गुलामगिरीला हात न लावता तिचा विस्तार रोखणे, एवढेच त्यांचे धोरण होते. तरीही २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना फुटली आणि पुढे अशी ११ राज्ये झाली. १२ एप्रिल १८६१ रोजी साउथ कॅरोलायनातील संघराज्याच्या सम्टर किल्ल्यावर बंडखोरांनी तोफा डागल्या. लिंकन युद्धात उतरले ते संघराज्य टिकवण्यासाठी. गुलामगिरी चालू असलेली चार राज्ये उत्तरेच्या बाजूला राहिली होती आणि ती गमावणे त्यांना परवडणारे नव्हते.

या युद्धाला मुक्तीच्या दिशेने पहिला धक्का दिला तो गुलामांनीच. मे १८६१ मध्ये व्हर्जिनियातील मन्रो किल्ल्यात फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे रात्री होडीतून येऊन दाखल झाले. बंडखोरांच्या तोफांसाठी मोर्चे बांधण्याच्या कामावर त्यांना जुंपले होते. मालकाचा प्रतिनिधी पांढरे निशाण घेऊन आला आणि फरारी गुलाम कायद्याचा हवाला देऊन त्याने त्यांना परत मागितले. किल्ल्याचे प्रमुख जनरल बेंजामिन बटलर हे मूळचे वकील. व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते, मग अमेरिकेचा कायदा तिला कसा लागू होईल, असा त्यांनी प्रतिप्रश्न केला आणि तिघांना शत्रूची जप्त मालमत्ता ठरवून ठेवून घेतले. माणसाला मालमत्ता ठरवणारा दक्षिणेचाच युक्तिवाद दक्षिणेवर उलटला. बातमी पसरली तशी बायकामुलांसह माणसे किल्ल्याकडे येऊ लागली, आणि वॉशिंग्टनला या प्रश्नावर धोरण ठरवणे भाग पडले. या तिघांची नावे सेनापतींच्या नावांइतकीच लक्षात राहायला हवीत, असे मला वाटते.

सप्टेंबर १८६२ मध्ये अँटिटमच्या लढाईनंतर लिंकन यांनी मुक्तीची पूर्वघोषणा केली आणि १ जानेवारी १८६३ पासून बंडखोर प्रदेशांतील गुलाम कायद्याने मुक्त ठरले. उत्तरेच्या बाजूने असलेल्या राज्यांना ही घोषणा लागू नव्हती. मात्र तिने कृष्णवर्णीयांना सैन्याची दारे उघडली आणि सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक भूदलात दाखल झाले. सुरुवातीला त्यांना गोऱ्या सैनिकांपेक्षा कमी पगार देऊ केला गेला, तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने तो अपुरा पगार घेण्यासच नकार दिला. जून १८६४ मध्ये काँग्रेसने समान वेतन मान्य केले.

युद्धाने राज्यसंस्थेचे रूपही पालटले. कागदी राष्ट्रीय चलन, प्राप्तिकर, पॅसिफिक रेल्वेचा कायदा, कसणाऱ्याला जमीन देणारा होमस्टेड कायदा हे सारे याच काळातले. त्याची झळ आणि लाभ मुंबईपर्यंत पोहोचले : दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी होताच इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या भारतीय कापसाकडे वळल्या, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच शेअर बाजार कोसळून अनेक पेढ्या बुडाल्या.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण आले, काही दिवसांतच लिंकन यांची हत्या झाली. सहा लाखांहून अधिक सैनिक मरण पावले होते. १८६५ ते १८७० या काळातील तीन घटनादुरुस्त्यांनी गुलामगिरी संपवली, देशात जन्मलेल्यांना नागरिकत्व दिले आणि वंशाच्या कारणावरून पुरुषांचा मताधिकार नाकारण्यास बंदी केली. १८७० मध्ये हायरम रेव्हेल्स हे मिसिसिपीतून निवडून येऊन सिनेटचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा व्यक्त केली.

त्याच वर्षी लुइझियानातील कोलफॅक्स येथे निवडणुकीच्या वादातून गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने डझनावारी कृष्णवर्णीयांची कत्तल केली, आणि १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील आरोपींच्या शिक्षा रद्द ठरवल्या. वादग्रस्त अध्यक्षीय निवडणुकीवरून झालेल्या १८७७ च्या राजकीय सौद्यानंतर दक्षिणेतील सरकारांना आधार देणारे सैन्य मागे घेतले गेले. उत्तर आणि दक्षिण यांचा समेट झाला, पण त्याची किंमत मुक्त झालेल्या माणसांनी मोजली : मतदानावर साक्षरतेच्या अटी व कर लादले गेले आणि १८९६ मध्ये न्यायालयाने वंशविभाजनाला वैध ठरवले. घटनादुरुस्त्या मात्र पुस्तकात कायम राहिल्या. १९५४ मध्ये शाळांतील विभाजन रद्द झाले ते चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे, आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा पंधराव्या दुरुस्तीची अंमलबजावणी म्हणूनच संमत करण्यात आला.